आधी पातळ, मग कडक : सालीने कातडे कमावताना

सालीने कातडे कमावायला घेतलेल्या नवशिक्याचे पहिले चामडे बहुतेक वेळा एकाच पद्धतीने बिघडते. वरून ते छान तपकिरी दिसते, हाताला टणक लागते, वाळल्यावर मात्र फळीसारखे ताठ होते आणि वाकवले की केसाच्या बाजूला तडे जातात. रापीने कड कापून पाहिली तर दोन तपकिरी थरांच्या मधोमध पांढुरकी, कच्च्या कातड्याची रेघ दिसते. अशा वेळी साल कमी पडली, असा निष्कर्ष काढला जातो आणि पुढच्या खेपेला पहिल्याच दिवशी दुप्पट साल टाकली जाते. त्याने रेघ आणखी रुंद होते. कारण साल कमी पडलेली नसते, ती चुकीच्या वेळी जास्त झालेली असते. या लेखात एकच गोष्ट पटवून द्यायची आहे : सालीच्या कामात काढ्याची ताकद कातड्याच्या भुकेमागून चालली पाहिजे, तिच्या पुढे धावता कामा नये. बाकीची सगळी कृती या एका नियमाभोवती बसते, आणि हा नियम पाळला तर घरच्या अंगणात, एका प्लास्टिकच्या पिंपातही शेळीचे चांगले चामडे तयार होते.

कच्च्या कातड्याचा निम्म्याहून जास्त भाग पाणी असतो; उरलेल्यात मुख्यतः कोलॅजेन या प्रथिनाच्या एकमेकांत गुंतलेल्या तंतूंचे जाळे. सालीतले टॅनिन या तंतूंना जाऊन चिकटते, त्यांच्यामधले पाणी हटवते आणि तंतू एकमेकांना घट्ट डकण्यापासून वाचवते. मग जिवाणूंना ते प्रथिन पचत नाही, आणि कातडे कुजायचे थांबते. पण टॅनिनचे रेणू मोठे असतात आणि कोलॅजेनची ओढ त्यांना फार असते. काढा पहिल्यापासून कडक असेल तर वरच्या थरातले तंतू मिळेल तितके टॅनिन तिथल्या तिथे धरून ठेवतात, आकसतात, आणि आत जाण्याच्या वाटा अरुंद होतात. केसाची बाजू चुरडून सुरकुत्या पडतात, त्या नंतर कशानेही जात नाहीत. भडक जाळावर टाकलेली भाकरी वरून करपते आणि आत पिठूळ राहते, तसाच हा प्रकार आहे. पातळ काढ्यात मात्र वरच्या थराला थोडेथोडेच टॅनिन मिळते, उरलेले आत सरकते, आणि आतबाहेर एकाच वेळी रंग चढत जातो.

याला जुना पुरावा आहे. इंग्लंडचे रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही यांनी १८०३ साली तुरट वनस्पतींवरचा आपला अभ्यास रॉयल सोसायटीपुढे मांडला. त्यात ओक, विलो अशा सालींबरोबर मुंबई आणि बंगालहून आलेला कातही त्यांनी तपासला होता. पातळ काढ्यात सावकाश कमावलेले चामडे कडक काढ्यात घाईने कमावलेल्यापेक्षा मऊ आणि मजबूत निघते, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्या काळी फ्रान्समध्ये आर्मां सेगँ यांची झटपट पद्धत गाजत होती. राज्यक्रांतीनंतरच्या लढायांत सैन्याला बूट हवे होते, आणि तीव्र काढ्याने महिन्यांचे काम आठवड्यांवर आणण्याचा त्यांचा प्रयत्न होता. तरीही चांगल्या तळव्याच्या चामड्यासाठी सावकाशीचीच रीत टिकली. इंग्लंडमध्ये डेव्हन परगण्यातल्या कॉलिटन गावी बेकर कुटुंबाच्या चर्मशाळेत ओकच्या सालीच्या कुंडांतून जाड कातडे बाहेर पडायला आजही वर्षाहून अधिक काळ लागतो. एवढा वेळ का, हे जाडीच्या गणितावरून कळते. द्रव पदार्थातून एखादी गोष्ट आपसूक झिरपत आत जाते तेव्हा लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हशीचे कातडे शेळीच्या चौपट जाड धरले, तर वेळ चौपट लागत नाही, सोळापट लागतो. म्हणून शेळीच्या कातड्याला तीन आठवडे लागले म्हणून म्हशीच्या तळव्याला तीन महिने पुरतील, हा हिशेब फसतो. पहिले काम शेळीच्या कातड्यावरच करावे.

साल हातात घेण्यापूर्वीची कामे थोडक्यात सांगतो, कारण त्यांवर माहितगार माणसांकडून शिकणे बरे. कातडे खाटकाकडून ताजे घ्यावे. आजाराने किंवा अचानक मेलेल्या जनावराचे घेऊ नये, कारण फाशी रोगाचे, म्हणजे माणसाला होणाऱ्या काळपुळीचे, बीज कातड्यात वर्षानुवर्षे जिवंत राहते. त्याच दिवशी काम सुरू होणार नसेल तर कातड्याच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाहून थोडे जास्त जाडे मीठ मांसाच्या बाजूला चोळून ठेवावे. मग भरपूर पाण्यात भिजवून मीठ, रक्त, माती काढावी आणि कातडे चुन्याच्या निवळीत टाकावे. चुना पाण्यात फारच थोडा विरघळतो. उरलेला तळाशी बसतो आणि लागेल तसा विरघळत राहतो, त्यामुळे थोडा जास्त पडल्याने निवळीची तीव्रता वाढत नाही. पण ती निवळी डोळे आणि कातडी भाजण्याइतकी तीव्र असतेच, तेव्हा रबरी हातमोजे आणि चष्मा घालूनच हात लावावा. शेळीच्या कातड्याचे केस साधारण चार ते आठ दिवसांत अंगठ्याने सुटायला लागतात. केस काढायचे, उलट्या बाजूचे मांस आणि चरबी बोथट सुरीने तासायची, धुवायचे, आणि मग गव्हाच्या कोंड्याच्या आंबवलेल्या कोमट पाण्यात काही तास ठेवून आतला चुना काढायचा. या पायरीत घाई नको आणि विसरही नको, कारण जास्त वेळ राहिले तर कातडे पोकळ पडते. कडेचा छोटा तुकडा कापून त्यावर फिनॉल्फ्थॅलिनचा थेंब टाका. ते शाळेच्या प्रयोगशाळेतही मिळते. कापावर गुलाबी रंग उमटला तर आत चुना आहे. चुन्यासकट सालीत गेलेले कातडे काळपट आणि ठिसूळ होते.

आपल्याकडे साल म्हटले की बाभूळ. पक्व झाडाच्या वाळलेल्या सालीत साधारण १२ ते २० टक्के टॅनिन असते. कोवळ्या फांदीच्या सालीत कमी. बाभळीने चामडे घट्ट, टणक आणि लालसर होते, पण एकट्या बाभळीचा रंग गडद आणि पोत थोडा खरखरीत येतो. तिच्या जोडीला हिरडा लागतो. हिरडा ही साल नसून फळ आहे आणि त्यात टॅनिन ३० टक्क्यांच्या आसपास असते. त्याचे टॅनिन जातीनेच निराळे : ते पाण्यात लवकर सुटते, काढ्यात आंबटपणा आणते आणि चामड्याला पिवळसर उजळपणा देते. बाळहिरडा औषधाला आणि चांभारी हिरडा या कामाला, हा भेद आपल्याकडे जुनाच आहे. भीमाशंकर, जुन्नर, आंबेगावच्या डोंगरात हिरडा गोळा करणे हे तिथल्या महादेव कोळी कुटुंबांच्या मिळकतीचे साधन आहे. माळावरच्या तरवडाची साल तामिळनाडूत शेळ्या-मेंढ्यांच्या कातड्यांसाठी फार वापरली गेली, कारण तिने चामडे मऊ आणि फिकट निघते. सुरुवात करणाऱ्याने तीन भाग बाभूळ, एक भाग चांभारी हिरडा हे मिश्रण घ्यावे. किती घ्यायचे, याचा हिशेब सोपा आहे. चुना काढलेल्या एक किलो ओल्या कातड्यात कोलॅजेन साधारण पाव किलो. त्याच्या निम्मे तरी टॅनिन त्यात मुरले पाहिजे, म्हणजे सव्वाशे ग्रॅम. पंधरा टक्क्यांची साल धरली आणि थोडे वाया जाणार हे गृहीत धरले तर किलोला किलो कोरडी साल लागतेच. कमी धरू नये. पण ती सगळी एका दिवशी भांड्यात जाता कामा नये, सगळी मेख तिथे आहे. आणि भांडे लोखंडाचे मुळीच नको. टॅनिन आणि लोखंड भेटले की शाईसारखा निळाकाळा रंग होतो आणि डाग कायमचे पडतात. पिंप, मातीचे भांडे, सिमेंटचा हौद, काहीही चालेल. ढवळायची काठीही लाकडी हवी.

साल नखाएवढी कुटून घ्या आणि तीन वाटे करा. पहिला वाटा साठ-सत्तर अंशांपर्यंत गरम पाण्यात रात्रभर भिजवा, गाळा, आणि काढा पूर्ण थंड होऊ द्या. गरम काढ्यात कातडे टाकले तर ते तिथेच आक्रसून वाया जाते. आता यातला थोडा काढा वेगळा काढून त्यात तेवढेच किंवा दुप्पट पाणी घाला; बाकीचा तसाच ठेवा. फिक्या चहाच्या रंगाचा हा पातळ काढा पाहून मन मानत नाही, पण सुरुवात इथूनच करायची. पहिल्या दिवशी कातडे तासातासाला हलवावे, उलटावे, घडी मोडावी. जिथे घडी बसून राहील तिथे फिका पट्टा उमटतो आणि पुढे कितीही कडक काढा दिला तरी तो बुजत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून दिवसातून तीन-चारदा हलवणे पुरते. दर दोन दिवसांनी भांड्यातला थोडा काढा बाजूला काढून न पातळ केलेला काढा मिसळावा. पहिला वाटा संपला की त्याच्या चोथ्यावर नवे पाणी घालून निघणारा फिका काढा दुसऱ्या वाट्याच्या ताज्या सालीवर ओतावा. तिसऱ्या वाट्यालाही असेच केले की साल पूर्ण निचरते आणि काढा आपोआप चढत्या ताकदीचा मिळतो. जुन्या चर्मशाळांचा सगळा कारभार याच उलट्या प्रवाहावर चाले : जुना, दमलेला काढा नव्या कातड्याला आणि ताजा काढा बऱ्याच दिवसांच्या मुरलेल्या कातड्याला. दमलेल्या काढ्यात टॅनिन कमी आणि आंबलेले सौम्य पदार्थ जास्त असतात, म्हणून कोऱ्या कातड्याला त्याच्याइतका सोसणारा काढा दुसरा नाही. घनता मोजायचा साधा हायड्रोमीटर मिळाला तर १.००५ पासून सुरू करून शेळीच्या कातड्यासाठी शेवटी १.०२५ पर्यंत जावे. हा आकडा टॅनिनशिवाय विरघळलेल्या इतर गोष्टीही मोजतो, म्हणून त्याच्यावर सगळा विश्वास टाकू नये. खरी साक्ष कापलेल्या कडेची.

इथे एक आक्षेप हमखास येतो, आणि तो वजनदार आहे. कोल्हापुरी चपलेसाठी आपल्या भागात कातड्याची पिशवी शिवून, ती टांगून, आत साल भरून कमावण्याची रीत आहे. त्यात म्हशीचे जाड कातडेही काही आठवड्यांत तयार होते. मग सावकाशीचा हा आग्रह कशासाठी? पिशवीची रीत नीट पाहिली तर ती माझ्या म्हणण्याला छेद देत नाही, उलट त्याचा उत्तम दाखला ठरते. तिथेही कातडे थेट पिशवी होत नाही; आधी ते जुन्या, फिक्या काढ्यात रंगवून घेतात. मग कडा दोरीने शिवून, मानेकडचे तोंड उघडे ठेवून पिशवी आडव्या दांड्याला टांगतात, आत कुटलेली साल आणि हिरडा भरून वरून काढा ओततात. आतल्या पाण्याच्या वजनाने काढा कातड्यातून आरपार झिरपतो, खाली ठेवलेल्या भांड्यात पडतो, आणि तोच पुन्हा वर ओतला जातो. म्हणजे इथे टॅनिन नुसते आपसूक सरकत नाही, काढा स्वतः कातड्यातून वाहतो. जाडीच्या वर्गाचा नियम आपसूक झिरपण्याला लागू होतो, दाबाने वाहण्याला त्याच रूपात लागू होत नाही. वेळ वाचतो तो या वाहण्यामुळे, काढा पहिल्या दिवशी कडक केल्यामुळे नाही. या रीतीचे तोटेही आहेत. खालच्या भागावर दाब जास्त, म्हणून तो लवकर पिकतो. शिवणीच्या जागी सुईची भोके राहतात आणि तेवढी कड कापून टाकावी लागते. कसलेले कारागीर मधेच पिशवी उलटी टांगून खालचा भाग वर घेतात, तो याच कारणासाठी. एकाच शेळीच्या कातड्यावर शिकणाऱ्याने पिशवीच्या भानगडीत पडू नये, पण तळव्याचे जाड चामडे करायचे असेल तर हीच रीत शिकायला हवी. ती शिकायची तर कोल्हापूर, सांगली भागातल्या ढोर समाजाच्या कारागिरांकडून. चुना किती दिवस, काढा केव्हा बदलायचा, बोटाने दाबून कातड्याचा आतला भाग कसा ओळखायचा, हे ज्ञान त्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या हातांत जपले, आणि मोबदल्यात गावाबाहेरची वस्ती आणि विटाळाचा शिक्का सोसला. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या चार-चार जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन मिळाले. २०२५ मध्ये मिलानमध्ये प्रादा या फॅशन कंपनीच्या प्रदर्शनात कोल्हापुरीसारख्या चपला दिसल्यावर मोठी चर्चाही झाली; ती बहुतेक घाटावर आणि नावावर झाली. चपलेखालचे चामडे कोण कमावतो, कोणत्या दराने, किती हात आता उरले आहेत, हे प्रश्न तेव्हाही मागेच राहिले. शिकायला जाल तेव्हा शिकवण्याचे मानधन ठरवून द्या. ते फुकट मिळण्याची अपेक्षा मनातसुद्धा आणू नका.

दुसरा आक्षेप क्रोमचा, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी कातडे कमावण्याचा. क्रोमने एका-दोन दिवसांत चामडे तयार होते, ते मऊ असते, उकळत्या पाण्यातही टिकते. मग सालीचा खटाटोप हा निव्वळ जुन्याचा हट्ट नाही का? क्रोमचे गुण खरे आहेत. जाकीट, हातमोजे, मऊ बुटाचा वरचा भाग यांना क्रोमच योग्य आहे, आणि त्यात वापरतात तो त्रिसंयुजी क्रोमियम घातक षट्संयुजी क्रोमियमपेक्षा फार वेगळा आहे. पण घरगुती किंवा छोट्या जागेत क्रोमचे सांडपाणी सुरक्षितपणे हाताळता येत नाही, आणि तळव्याला, पट्ट्याला, खोगिराला जे हवे असते ते क्रोम देत नाही. सालीचे चामडे भरीव असते. ओले करून दाबले तर आकार धरते, घाम शोषते, कापलेली कड घासून गुळगुळीत करता येते. उष्णतेपुढे मात्र ते दुबळे आहे. ओले असताना सत्तर-ऐंशी अंशांच्या पुढे ते आक्रसते. पावसात भिजलेली कोल्हापुरी चुलीजवळ किंवा हीटरपुढे ठेवली की वाकडी होते, याचे कारण हेच. तिला सावलीत, वाऱ्यावर वाळवावे. कोणते चामडे श्रेष्ठ हा प्रश्नच चुकीचा. कोणत्या कामाला कोणते, एवढेच विचारावे. सालीचे घाईघाईने केलेले चामडे मात्र दोन्हींचे दोष घेऊन येते, म्हणून ज्यांना वेळ नाही त्यांनी सरळ तयार चामडे विकत घ्यावे.

वेळ वाचवायला अनेक जण तयार अर्क वापरतात. वॉटल नावाच्या बाभळीच्याच कुळातल्या झाडाच्या सालीची पूड बाजारात मिळते, आणि तिला कमीपणा देण्याचे कारण नाही. ती साल आहे, तिचे टॅनिन खरे आहे. तिचा धोका तिच्या सोयीतच आहे. चमचाभर पूड टाकली की काढा लगेच गडद होतो, आणि पहिल्याच दिवशी दोन चमचे जास्त टाकण्याचा मोह होतो. पूड वापरायची तर ठरलेले प्रमाण दहा-बारा दिवसांत वाटून घ्या, पहिल्या चार दिवसांत मिळून पाव हिस्साही जाऊ देऊ नका, आणि जमल्यास पहिले दोन दिवस कुटलेल्या सालीचा फिका काढाच द्या.

झाडांचा प्रश्न कोणी काढला तर तो टाळू नये. उभ्या झाडाची सगळीकडून साल काढली तर झाड मरते, आणि चामड्यासाठी झाड मारणे कोणत्याही हिशेबात बसत नाही. बाभळीचे लाकूड बांधकामाला, अवजारांना, सरपणाला कापले जाते. तिथे साल टाकून दिली जाते किंवा जळणात जाते. वखारीतून ती घ्यावी. हिरडा हे फळ असल्याने त्यासाठी झाडाला हात लावावा लागत नाही. पाण्याचा प्रश्न याहून अवघड आहे. सालीचे पाणी नैसर्गिक म्हणून निरुपद्रवी, ही समजूत धोक्याची आहे. चुन्याचे पाणी, केस, तासलेले मांस आणि गडद काढा, या सगळ्यांना कुजताना पाण्यातला प्राणवायू लागतो. ओढ्यात किंवा विहिरीजवळ सोडले तर मासे मरतात, पाणी नासते. एकदोन कातड्यांपुरते चुन्याचे पाणी आणि काढा मोठ्या खड्ड्यात, पाण्याच्या स्रोतापासून दूर मुरू द्यावे. केस आणि मांस मातीआड करावे. चोथा वाळवून जाळायला किंवा कंपोस्टला घ्यावा. याहून मोठे काम करायचे असेल तर चर्मशाळा प्रदूषण नियंत्रणाच्या लाल वर्गात मोडते आणि मंडळाची संमती घ्यावीच लागते. महाराष्ट्रात २०१५ पासून गायीबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आहे, म्हणून कातडे कुठून आले याची पावती जवळ ठेवावी.

आता शेवटचा टप्पा. शेळीचे कातडे किती दिवसांत होते, याला कॅलेंडरचे उत्तर नाही. बहुधा दोन ते चार आठवडे, थंडीत जास्त. मानेजवळचा सर्वांत जाड भाग निवडून कडेचा तुकडा कापा. कापाचा रंग वरपासून खालपर्यंत एकसारखा हवा. संशय असेल तर त्या कापावर व्हिनेगरचे थेंब टाकून दहा मिनिटे थांबा. कच्चा भाग असेल तर तो फुगून काचेसारखा पारदर्शक होतो, पक्का भाग तसाच राहतो. फुगवटा दिसला तर कातडे आणखी आठवडाभर सर्वांत कडक काढ्यात ठेवा. या टप्प्यावर कडक काढा बाधत नाही, कारण वरचे थर आता तृप्त असतात. पक्के झाले की साध्या पाण्यात हलके खळबळून वरवरचा मोकळा काढा काढा, पिळू नका, फळीवर पसरून बोथट कडेने पाणी निपटा. अंगात ओल असतानाच केसाच्या बाजूला करंज किंवा एरंडाच्या तेलाचा अगदी पातळ हात द्या. पाणी बाहेर जाते तसे तेल तंतूंच्या मधली जागा घेते. वाळलेल्या चामड्यावर तेल चोळले तर ते वरच राहते आणि धूळ धरते. सावलीत वाळवा, अर्धवट वाळले की हाताने किंवा गोल काठीवरून दोन्ही दिशांना ओढून मोकळे करा, आणि पूर्ण वाळेपर्यंत दोनतीनदा हेच करा. भांड्यात उरलेला काढा टाकू नका. तो गाळून झाकून ठेवा. आंबट वास आला तर चालेल, कुजका आला तर फेका. पुढचे कातडे पहिल्या दिवशी त्यातच जाईल.